४के मॉनिटर घेऊ की चष्म्याचा नंबर वाढू देऊ?

शिरोरेषा
धागा काढण्यास कारण की, माझा २४ इंची मॉनिटर हल्ली संध्याकाळी पाचनंतर माझ्याशी खोटं बोलतो.

काम मुद्रितशोधनाचं. दिवसाचे सहा-सात तास मराठी मजकूर समोर. परवा एका लेखात ‘सूर जुळले’ हवं होतं, तिथे ‘सुर जुळले’ पडलं होतं. मी ती ओळ दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा मला उकार दीर्घच दिसला. तिसऱ्यांदा पान मोठं करून बघितलं तेव्हा कुठे शेपूट कुणीकडे वळलंय ते कळलं. आता सगळंच मोठं करून वाचावं तर अर्धं पान पडद्याबाहेर जातं, आणि पानाचा तोल बघायचा राहून जातो.

४के घ्यावा असं मनात आहे. पण ज्याने घेतलाय तो प्रत्येक जण काही ना काही रड सांगतो. कुणाची अक्षरं बारीक, कुणाची जुनी सॉफ्टवेअरं धूसर, कुणाचा माउस जड. गेम खेळत नाही. वय पंचेचाळीस, चष्मा प्रोग्रेसिव्ह. अनुभवी मंडळींनी फायदे-तोटे सांगावेत ही विनंती.

खिडकीतून
ताई, आधी एक ठरवा: जागा हवी की धार? जास्त पिक्सेल घेतले की ते यांपैकी एकाच कामाला पूर्ण वापरता येतात. निम्म्या तक्रारी हे न ठरवता घेतल्यामुळे असतात.

तुमचा आत्ताचा मॉनिटर १९२०×१०८० असणार, म्हणजे इंचाला ९२ पिक्सेल. २७ इंची ४के म्हणजे ३८४०×२१६०, इंचाला १६३. स्केलिंग, म्हणजे अक्षरं-बटणं किती मोठी काढायची ते प्रमाण, १०० टक्के ठेवलं तर जागा भरपूर, पण अक्षरं मुंगीएवढी. २०० टक्के केलं तर जागा आत्ताइतकीच, पण प्रत्येक अक्षर चौपट पिक्सेलांत काढलं जातं. १५० वर २५६०×१४४० इतकी जागा मिळते. बहुतेक जण तिथेच थांबतात, पण तिथे अक्षर तुमच्या आत्ताच्या अक्षरापेक्षा साधारण १५ टक्क्यांनी लहान पडेल. तुमच्यासाठी १७५ योग्य वाटतं. १६३ ला पावणेदोनने भागा, ९३ येतात. म्हणजे आकार आजचाच, धार मात्र नवी.

फ्रेममोज्या
माझं मत विरोधात नोंदवा. ४के म्हणजे ८३ लाख पिक्सेल, साध्या फुल एचडीचे पावणेएकवीस लाख. ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक फ्रेमला चौपट काम. त्याऐवजी २७ इंची १४४० (म्हणजे २५६०×१४४०) आणि १४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं, असा घ्या, हालचाल लोण्यासारखी. अपस्केलिंग वगैरे सोयी आहेत हल्ली, आतमध्ये कमी पिक्सेलांत चित्र काढून नंतर फुगवतात आणि बरंच चांगलं दिसतं. पण मग ४के घेतला कशाला?

आणि ४के पडद्यावर १४४० चं चित्र लावलंत तर ते दीडपट होतं. दीड पिक्सेल नावाची वस्तू नसते. सगळं गुळगुळीत आणि पुसट.

शिरोरेषा
@फ्रेममोज्या, लोणी नको, उकार हवाय :)

खिडकीतून
फ्रेममोज्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे, पण मजकुराचं गणित निराळं आहे, आणि देवनागरीचं तर फारच निराळं. जरा सविस्तर लिहितो, कारण यावर कुणी बोलत नाही.

१२ पॉइंटचं अक्षर १०० टक्के स्केलिंगला १६ पिक्सेल उंचीच्या चौकटीत बसतं. रोमन लिपीला तेवढ्यात भागतं. आपल्याकडे एकाच उंचीत तीन मजले: वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये शिरोरेषा आणि अक्षर, तळघरात उकार. ‘र्कू’ लिहून बघा, तिन्ही मजले एकदम भरतात. मी एकदा स्क्रीनशॉट काढून तो आठपट मोठा केला आणि चौकटी मोजल्या. माझ्या फाँटमध्ये उकाराच्या वाट्याला उभे तीन पिक्सेल आले होते. तीन चौकटींत ऱ्हस्व आणि दीर्घ वेगळे काढून दाखवा, मी शिष्य व्हायला तयार आहे.

आता क्लिअरटाइप, म्हणजे विंडोजची अक्षरं रेखीव दाखवायची युक्ती. तो एका पिक्सेलमधले लाल-हिरवा-निळा हे तीन उभे तुकडे सुटे वापरतो, त्यामुळे आडवी बारकाई जवळजवळ तिपटीने वाढते. उभी मात्र अजिबात वाढत नाही. रोमन लिपीच्या उभ्या दांड्यांना याचा मोठा फायदा. आपली गर्दी उभ्या दिशेला, वर-खाली! आणि शिरोरेषा आडवी. त्यामुळे त्या युक्तीने इंग्रजी वाचणाऱ्याचं भलं झालं तितकं आपलं झालं नाही. म्हणून इंग्रजीत काम करणारा सहकारी ‘फुल एचडी पुरतो की’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. तो त्याच्या लिपीपुरतं खरं बोलतो.

१७५ टक्क्यांवर तेच अक्षर २८ पिक्सेलांत बसतं. उकाराला पाच-सहा मिळतात. शेपूट दिसतं.

शिरोरेषा
हे वाचून बाहेर जाऊन पाणी पिऊन आले. इतकी वर्षं मी स्वतःच्या डोळ्यांना दोष देत होते.

जुनं_खोड
खिडकीतून, उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली आहे.

थोडा इतिहास, म्हाताऱ्याला आवरत नाही म्हणून. आज ४के नवलाईचा वाटतो, पण आयबीएमने २००१ सालीच टी२२० आणि पाठोपाठ टी२२१ हे मॉनिटर काढले होते. २२.२ इंच, ३८४०×२४००, इंचाला २०४ पिक्सेल. आजच्या बहुतेक मॉनिटरांपेक्षा दाट! अडचण अशी की तो पूर्ण वेगाने चालवायला एक डीव्हीआय जोडणी पुरत नसे, चार-चार लावाव्या लागत, आणि तरीही वेग ४१ हर्ट्झच्या आसपास. आणि त्या काळातलं सॉफ्टवेअर इंचाला ९६ पिक्सेल धरून बसलेलं, त्यामुळे बटणं मोहरीएवढी.

सांगायचा मुद्दा, काच कधीच तयार होती. मागे राहिली ती केबल आणि सॉफ्टवेअर. बऱ्याच अंशी आजही तीच रड आहे.

चष्मेबहाद्दर
मी चष्मे तपासतो आणि बनवतो, तेव्हा माझ्या बाजूने.

६/६ नजर म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा दिसणं. ६० सेंटिमीटर अंतरावर ते होतात साधारण ०.१७५ मिलिमीटर. २४ इंची फुल एचडीचा एक पिक्सेल ०.२७७ मिमी, म्हणजे चांगल्या नजरेला जाळी सहज दिसते. २७ इंची १४४० चा ०.२३३, तीही दिसते. २७ इंची ४के चा ०.१५६, इथे जाळी नाहीशी होते. तुम्ही किती अंतरावर बसता ते टेप लावून मोजा. बहुतेक जण ६० म्हणतात आणि ४५ वर बसलेले असतात.

पण जे बोलायला आलो ते निराळंच. शिरोरेषाताई, प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं वाचायचा भाग काचेच्या तळाशी असतो. २७ इंची पडदा डोळ्यांच्या उंचीवर ठेवलात तर वरच्या ओळी वाचायला तुम्ही हनुवटी उचलाल, आणि महिनाभरात मान धरेल. दुकानात माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या ‘मॉनिटरने मान गेली’ तक्रारींत मॉनिटर निर्दोष असतो. पडदा खाली घ्या, किंचित मागे कलवा. किंवा फक्त संगणकाच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्या, नंबर तपासताना ते अंतर सेंटिमीटरमध्ये सांगा.

आणि ४के ने डोळ्यांची आग थांबत नाही. पडद्याकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून डोळे कोरडे पडतात. पिक्सेल कितीही दाट असले तरी पापणी मिटायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

फ्रेममोज्या
@चष्मेबहाद्दर, तुमच्याच हिशेबाने ६० सेंमीवर इंचाला १४५ पिक्सेल पुरे. मग १६३ मधले १८ वाया. आणि २७ इंची ५के (५१२०×२८८०) घेणारे तर २१८ घेतात, ते कुणाला दाखवायला?

चष्मेबहाद्दर
६/६ म्हणजे नजरेची कमाल मर्यादा नव्हे. ती ‘ठीकठाक’ची खूण आहे. तरुण, निरोगी डोळा त्याहून बारीक बघतो. शिवाय दोन रेषा एकमेकींपासून किंचित सरकल्यात का हे ओळखण्यात डोळा याहून कितीतरी तरबेज असतो. तिरप्या रेषेच्या पायऱ्या म्हणून तर खुपतात. वेलांटीचा गोल, उकाराचं शेपूट, सगळ्या तिरप्या आणि गोल रेषाच.

५के बद्दल मात्र तुमच्याशी बराचसा सहमत. माझ्या डोळ्यांना १६३ आणि २१८ मधला फरक शेजारी शेजारी ठेवल्यावर कळला, एकेकटा ठेवल्यावर नाही.

सफरचंदी
५के कुणाला दाखवायला, तर मॅकला. मॅक बरोबर दुपटीतच सगळं काढतं. २७ इंची ५के वर २५६०×१४४० ची जागा हवी असेल तर हिशेब थेट दुप्पट, चोख. तीच जागा ४के वर मागितली तर ते आधी ५१२०×२८८० चं चित्र तयार करतं आणि मग ते ३८४०×२१६० मध्ये दाबून बसवतं. दिसतं छान, पण किंचित मऊ, आणि ग्राफिक्सला जास्तीचं काम. भरीत भर २०१८ च्या मोहावे या मॅकओएस आवृत्तीपासून त्यांनी उपपिक्सेलची (क्लिअरटाइपसारखी) अक्षर-सफाई काढून टाकली, त्यामुळे साध्या मॉनिटरवर मॅकची अक्षरं फिकी आणि फुगीर दिसतात. मॅकवाल्यांनी इंचाला १०९ पिक्सेलांचा (२७ इंची १४४०) मॉनिटर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत.

पेंग्विनमित्र
लिनक्सवाल्यांना कुणी विचारत नाही, सवय आहे. तरी सांगतो: एक्स११ वर (लिनक्समध्ये पडद्यावर चित्र काढणारी जुनी यंत्रणा) लॅपटॉपला एक स्केलिंग आणि बाहेरच्या मॉनिटरला दुसरं हा खटाटोप करू नका, आयुष्य लहान आहे. तिच्या जागी आलेली वेलँड वापरा. सरळ २०० टक्के सगळीकडे चालतं. १२५, १५० असे अपूर्णांक आले की कुठलं ना कुठलं जुनं ॲप धूसर दिसणारच.

अवांतर: धाग्यात अजून कुणी ‘आमच्या वेळी सीआरटी होता’ म्हटलं नाही याबद्दल अभिनंदन.

जुनं_खोड
आमच्या वेळी सीआरटी होता, आणि त्याला कुठलंही रिझोल्यूशन द्या, पुसट होत नसे. ठरावीक जाळीचं दुखणं एलसीडीने आणलं. घ्या, म्हटलं.

शिरोरेषा
मंडळी, घेतला. २७ इंची, ४के, आयपीएस, मॅट पडदा. दोन शंका आहेत, प्लीज कुणीतरी मदत करा.

एक, माझं पानं लावायचं सॉफ्टवेअर जुनं आहे, युनिकोडपूर्व फाँट चालवतं म्हणून सोडता येत नाही. ब्राउझर काचेसारखा स्वच्छ दिसतो, आणि नेमकं हेच वाफ धरलेल्या आरशासारखं.

दोन, माउस. कसं सांगू? बाण हाताच्या मागून येतो. पान सरकवलं की ओळी थरथरतात. डोकं दुखायला लागलंय. परत करू का?

खिडकीतून
परत करू नका! दुसरं आधी बघू. सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, त्यात ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. रिफ्रेश रेट किती दाखवतोय?

शिरोरेषा
३० हर्ट्झ. आणि यादीत त्याच्यावर काहीच नाही.

खिडकीतून
सापडलं. लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टला जोडलाय ना? ते पोर्ट १.४ जातीचं असणार. हे प्रमाण २००९ चं. ४के ला सेकंदाला ६० चित्रं पाठवायची तर नुसत्या रंगांचीच माहिती १२ गिगाबिटच्या घरात जाते, आणि १.४ मधून प्रत्यक्षात आठेक गिगाबिट जातात. म्हणून ते निमूटपणे ३० वर उतरतं. दर चित्रामागे ३३ मिलिसेकंद. हाताला ते लगेच कळतं. महाग केबल आणून उपयोग नाही, पोर्टच अडवतंय. ६० साठी एचडीएमआय २.० हवं, किंवा डिस्प्लेपोर्ट १.२.

लॅपटॉपला यूएसबी-सी आहे का? त्याच्या शेजारी डिस्प्लेपोर्टची खूण, म्हणजे इंग्रजी डी आणि पी एकमेकांत अडकल्यासारखं चिन्ह, आहे का बघा. काही वेळा चिन्ह नसूनही चालतं, मग लॅपटॉपची माहितीपुस्तिका बघा.

शिरोरेषा
चिन्ह आहे! हब होता घरात, त्यातून लावला. तरीही ३०.

फ्रेममोज्या
हब काढा. यूएसबी-सी मध्ये वेगवान माहितीच्या चार वाटा असतात. हबवर पेनड्राइव्ह, नेटवर्क वगैरे वेगात चालवायचं तर हब दोन वाटा त्यांना देतो आणि चित्राला दोनच उरतात. बऱ्याच हबवर त्यामुळे ४के ३० वर अडकतो. यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी सरळ केबल घ्या, मध्ये काही नको. दोन मीटरच्या आतली. चारही वाटा चित्राला.

(बघा, हर्ट्झचं महत्त्व शेवटी मीच सांगायचं होतं.)

खिडकीतून
+१. हर्ट्झला मान दिला तुमच्या.

ताई, आता धूसर सॉफ्टवेअर. ते इतकं जुनं आहे की त्याला स्केलिंग ठाऊकच नाही. ते इंचाला ९६ पिक्सेलांच्या हिशेबाने छोटं चित्र काढतं आणि विंडोज ते फोटोसारखं ताणतं. म्हणून वाफ. त्याच्या आयकॉनवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, तिथे हाय डीपीआयच्या सेटिंगमध्ये ‘ॲप्लिकेशन’ निवडा. मजकूर स्वच्छ होईल, पण टूलबार चिमुकला होईल. मजकूर मोठा करता येतो, टूलबार नाही. तिथे दोन्ही एकदम मिळणार नाही, आणि माझ्या मते हाच ४के चा आजचा खरा तोटा आहे. बाकीच्यांवर उपाय असतात, जुन्या सॉफ्टवेअरवर तडजोड.

सावली
उशिरा आले. फोटोंचं काम करते. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६०००×४०००. फुल एचडीवर खऱ्या आकारात उघडला तर त्याचा अकरावा भागही दिसत नाही, ४के वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त दिसतो. फोकस चुकलाय का हे लगेच कळतं. उलट बाजू अशी की त्या पडद्यावर फोटो इतका दाट दिसतो की शार्पनिंग कमी वाटतं, हात सैल सुटतो, आणि साध्या पडद्यावर बघणाऱ्याला कडा करवतीसारख्या दिसतात. पाठवण्याआधी मी जुन्या मॉनिटरवर एकदा बघतेच.

आणि ऑनलाइन बैठकीत कृपा करून आख्खा ४के पडदा शेअर करू नका हो. समोरचा लॅपटॉपवर असतो, त्याला तुमची अक्षरं टाचणीच्या डोक्याएवढी दिसतात आणि तो भिडेखातर ‘हो हो, दिसतंय’ म्हणतो. एकच खिडकी शेअर करा.

नवा_सदस्य
पूर्ण धागा वाचला. मी ओलेड (प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो तो) ४के घ्यायचा विचार करतोय, काळा रंग अप्रतिम दिसला. मजकुरासाठी चालेल?

खिडकीतून
जपून. बऱ्याच ओलेड पडद्यांत लाल-हिरवा-निळा यांची मांडणी नेहमीच्या उभ्या पट्ट्यांची नसते. कुठे त्रिकोणी असते, कुठे जोडीला पांढरा असतो. क्लिअरटाइप त्या नेहमीच्या पट्ट्या गृहीत धरतो, म्हणून अक्षरांच्या कडेला रंगीत झालर दिसू शकते. शिरोरेषेच्या वरच्या आणि खालच्या कडेला दोन वेगळे रंग दिसले की एकदा दिसलेलं पुन्हा विसरता येत नाही. घनता जास्त असेल तितका त्रास कमी. सिनेमा-गेमसाठी बिनधास्त घ्या. दिवसभर वाचायचं असेल तर दुकानात स्वतःचा मजकूर उघडून बघा, त्यांचा डेमो व्हिडिओ नव्हे.

चष्मेबहाद्दर
शिरोरेषाताई, मानेचं काय झालं? कुणी सांगतच नाही पुढचं.

शिरोरेषा
सांगते, राहिलंच होतं. सरळ केबल आली, ६० हर्ट्झ झालं, बाण हाताबरोबर चालतो. डोकेदुखी दुसऱ्या दिवशीच गेली. स्केलिंग आधी १५० ठेवलं, हौसेने, जास्त मजकूर दिसतो म्हणून. तीन दिवसांनी मुकाट्याने १७५ वर आले. पडद्याचा स्टँड अगदी खाली आणला तरी वरच्या ओळींना हनुवटी उचलली जात होती. शेवटी खुर्ची दोन बोटं वर घेतली आणि पायाखाली जुने शब्दकोश ठेवले. संगणकाच्या अंतराचा चष्मा करायला टाकलाय. अंतर टेपने मोजलं, ४८ निघालं. तुम्ही बरोबर होतात.

जुन्या सॉफ्टवेअरचा टूलबार खरंच चिमुकला आहे. शेवटी ते सॉफ्टवेअर जुन्या २४ इंचीवर ठेवलं आणि तो उभा करून बाजूला लावला. पानं तिथे लावते, वाचते इथे. टेबलावर चहाच्या कपाला जागा उरलेली नाही.

जुनं_खोड
आणि उकार?

शिरोरेषा
उकार दिसतात. जरा जास्तच दिसतात. काल सहज म्हणून गेल्या वर्षी वाचून हातावेगळ्या केलेल्या एका पुस्तकाची फाइल उघडली. पहिल्या चाळीस पानांत अकरा सापडले. ते पुस्तक छापून, बांधून माझ्या समोरच्याच कपाटात उभं आहे. सध्या मी त्याचा कणा भिंतीकडे करून ठेवलाय.